मागच्या सीटवरचा मध्यम मार्ग

तृष्णा कशाला म्हणायचं, हा प्रश्न आमच्या विहारात दर वर्षावासात निघतोच. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत संध्याकाळी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन चालतं. तृष्णेचा भाग आला की कुणाचा मोबाईल, कुणाच्या लग्नाचा खर्च, कुणाचा दुसरा प्लॉट चर्चेत ओढला जातो. यंदा माझ्या मुलाची गाडी आली. त्याला ती ‘लोअर’ करायची होती, म्हणजे स्प्रिंगा बदलून जमिनीच्या जवळ आणायची होती.

एक निवृत्त मुख्याध्यापक आमच्या वाचनाला कायम पुढच्या सतरंजीवर असतात. सगळी वस्ती त्यांना गुरुजी म्हणते. त्यांनी लगेच निकाल दिला, “कंपनीनं हजारदा विचार करून गाडी बनवली. तिच्यात काही बिघाड नाही. तरी पोराला ती वेगळी पाहिजे. याहून सोपं उदाहरण तृष्णेचं मिळणार नाही.” मुलगा म्हणाला, “गुरुजी, दिवाळीच्या आधी तुमच्या घराला रंग दिला, तेव्हा भिंतीत काय बिघाड होता?” सभा हसली. गुरुजीही हसले. पण उत्तर कुणी दिलं नाही.

मी उत्तर शोधत राहिलो, कारण दोन्ही बाजूंशी माझं नातं आहे. मी बुटीबोरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. डिप्लोमा मेकॅनिकलचा, हात कायम ग्रीसचे. घर नागपुरात, इंदोऱ्याजवळ. कामठी रोड, झिरो माइल, वर्धा रोड असा एका बाजूचा सुमारे ३५ किलोमीटरचा रस्ता रोज पायाखाली नव्हे, चाकाखाली असतो. मुलगा मिहानमध्ये नोकरीला लागला, तेव्हापासून आम्ही दोघं याच गाडीतून, एका जुन्या सेडानमधून, निघतो. तो मिहानपाशी उतरतो आणि मी पुढं जातो. रविवारी तीच गाडी आईला दवाखान्यात, नातेवाइकांकडे, कधी कामठीच्या ड्रॅगन पॅलेस विहाराला नेते. आईला कमरेचा त्रास आहे. तिची जागा मागं, डावीकडं.

आधी त्या इच्छेबद्दल बोलतो. आमच्यासारख्यांच्या घरात वाहनाची हौस नुसत्या चैनीत मोडत नाही. बाबासाहेबांनी आपल्या आठवणी लिहिल्या, त्यांत दोन वाहनं आहेत. पहिली बैलगाडी. १९०१ साली लहान भीमराव भाऊ-भाच्यांबरोबर वडिलांकडे निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. जात कळताच एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर सौदा ठरला. मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि गाडीवानानं बाजूनं चालायचं. दुसरं वाहन टांगा. १९२९ साली चाळीसगावात टांगेवाल्यांनी त्यांना बसवून न्यायला नकार दिला. पाहुण्यानं पायी यावं हे वस्तीतल्या लोकांना बरं वाटेना, म्हणून त्यांनी टांगा भाड्यानं घेतला आणि ज्याला हाकायची सवय नव्हती असा आपलाच एक माणूस बसवला. पुलावर टांगा उलटला. बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि पाय मोडला. परदेशांतल्या पदव्या घेऊन आलेल्या बॅरिस्टरला मागच्या बैठकीवर काय सोसावं लागलं, ते त्यांनी कुठलाही आवेश न आणता लिहून ठेवलं आहे.

हे ज्यानं वाचलं, तो आपल्या पोराला ‘गाडीची कसली हौस’ असं सहज म्हणू शकत नाही. बाबासाहेबांना स्वतःला चांगल्या कपड्यांची, पेनांची, ग्रंथांची आवड होती. गरिबीला त्यांनी कधी पवित्र मानलं नाही, आणि बुद्धानंही मानली नाही असं आग्रहानं मांडलं. तेव्हा सुंदर वस्तू हवीशी वाटणं हाच दोष धरला, तर धम्म आपल्याच माणसांवर उलटवल्यासारखं होईल. प्रश्न इच्छेच्या आत शिरून विचारायला हवा. ही इच्छा कुणाला काय सोसायला लावते?

गाडी खाली करण्यात मुलाला काय दिसतं, ते मला यंत्राच्या बाजूनं समजतं. टायर आणि वरच्या कमानीमधली मोकळी फट कमी झाली की गाडी जमिनीला धरून बसल्यासारखी दिसते. हा भाग डोळ्यांचा. दुसरा भाग खरा आहे. वजनाचा मध्य खाली आला की वळणावर गाडी कमी कलते. वर्धा रोडवरच्या उड्डाणपुलावरून उतरताना, रिंग रोडच्या वळणावर, स्टिअरिंगला गाडी लवकर ऐकते. हे सुख खोटं नाही. पण ते फुकटही नाही. स्प्रिंगला दबायला मिळणारी जागा गाडी खाली आली की कमी होते. तेवढ्या जागेत तोच खड्डा पचवायचा असेल, तर स्प्रिंग कडक करावी लागते. आणि कडक स्प्रिंगचा हिशेब शरीराला द्यावा लागतो.

हा हिशेब आकड्यांत सांगता येतो. आरामशीर गाडीचं अंग खड्ड्यानंतर सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा वरखाली झुलतं. ही चाल माणसाला मानवते. सेकंदाला चार ते आठच्या आसपास थरथर पोचली की बसलेल्या माणसाचं पोट आणि पाठीचा कणा तिला सगळ्यांत जास्त साथ देतात, म्हणजेच सगळ्यांत जास्त त्रास सोसतात. आमच्या शहरात सिमेंटचे रस्ते झाले. त्यांच्या स्लॅबमध्ये साधारण साडेचार मीटरवर सांधा असतो. मोकळ्या सिमेंट रस्त्यावर ताशी ६५ किलोमीटरनं गेलं, की सेकंदाला चार ठोके बसतात. मऊ स्प्रिंग आणि चांगला शॉकअप ते ठोके खालच्या खाली जिरवतात. कडक केलेली गाडी ते जसेच्या तसे वर पोचवते.

कामठी रोडवर ऑटोमोटिव्ह चौकाच्या अलीकडं एक गॅरेज आहे. तिथल्या मिस्त्रीनं मुलाला चार रस्ते दाखवले. सगळ्यांत स्वस्त म्हणजे आहे तीच स्प्रिंग कापणं. सहा वेटोळ्यांच्या स्प्रिंगचं एक वेटोळं कापलं की उरलेली पाच वेटोळी २० टक्के जास्त कडक होतात, गाडी खाली येते, खर्च नगण्य. मात्र कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही, जॅक लावून चाक उचललं की स्प्रिंग सैल होऊन जागा सोडू शकते, आणि जुना शॉकअप त्या कडकपणाला आवरू शकत नाही. दुसरा रस्ता म्हणजे मुळातच कमी उंचीच्या बनवलेल्या लोअरिंग स्प्रिंगा. तिसरा कॉइलओव्हर, ज्यात स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असतात आणि उंची आट्यांवर फिरवून कमीजास्त करता येते. चौथा हवेच्या पिशव्यांचा. बटण दाबलं की गाडी बसते, पुन्हा दाबलं की उठते. किंमत ऐकून मुलानं चौथ्याचं नाव सोडलं.

त्या दिवशी गॅरेजात एक हॅचबॅक उभी होती. स्प्रिंगा कापलेल्या, १७ इंची रिम, टायर पट्टीसारखे. तिचा चेंबर, म्हणजे इंजिनखालचं तेलाचं भांडं, दोनदा वेल्डिंग केलेलं. तिचा मालक पाठीला पट्टा बांधून फिरत होता, तरी गाडीकडं पाहताना त्याच्या चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं. त्या माणसाकडं पाहताना मला सारनाथचा पहिला उपदेश नव्यानं कळला.

तो उपदेश पाच परिव्राजकांना होता. दोन टोकं टाळा, असं त्यात सांगितलं आहे. एक टोक इंद्रियांच्या सुखात बुडण्याचं आणि दुसरं देहाला छळण्याचं. ही टोकं एकमेकांपासून लांब आहेत असं आपण धरून चालतो. म्हणून मध्यम मार्ग म्हणजे दोघांच्या बरोब्बर मधे खुंटी ठोकायची, थोडं हे, थोडं ते, असं शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं. पण त्या हॅचबॅकमध्ये दोन्ही टोकं एकाच सीटवर बसली होती. डोळ्यांची चैन आणि कण्याचा छळ एकमेकांना धरून चालले होते. दिसणं जितकं वाढवलं, तितकं सोसणं वाढलं, आणि सोसणंही अभिमानाचं झालं. सहा वर्षं उपाशी राहून सांगाडा झालेल्या सिद्धार्थानं जे सोडलं, ते बहुधा हेच होतं. देहदंडातही एक देखावा असतो आणि देखाव्यातही देहदंड असतो. दोन्ही टोकं एकाच जागी असतील, तर त्यांच्या मधली जागा कशी शोधणार? मार्ग त्या रेषेवर सापडतच नाही. त्यासाठी तिसरीच कुठली तरी बाजू धरून मोजावं लागतं.

“५० मिलिमीटर खाली आणलं तर जास्त होते ना बाबा? मग २५ करू. झाला मध्यम मार्ग,” असं मुलगा मला म्हणाला होता. २५ हा आकडा पुढं बरोबर ठरला, पण त्यानं दिलेल्या कारणासाठी नाही.

मोजायचं कुठून, हे मला विनयपिटकातल्या एका गोष्टीनं सांगितलं. तिचा अर्धा भाग सगळ्यांना पाठ असतो. चंपेचा सोण कोळिविस फार लाडात वाढलेला श्रेष्ठिपुत्र. भिक्षू झाल्यावर त्यानं इतकं चंक्रमण केलं, की तळपाय फुटून चालण्याची जागा रक्तानं भरली. बुद्धानं त्याला त्याच्या जुन्या छंदाची, वीणेची आठवण दिली. तारा अति ताणल्या तर वाजत नाहीत, अति ढिल्या सोडल्या तरी वाजत नाहीत, हे त्याच्याच तोंडून वदवून घेतलं, आणि साधनेचा जोरही तसाच जुळवायला सांगितलं.

मिस्त्रीला ही गोष्ट ठाऊक नव्हती, पण तो तेच बोलत होता. “सर, स्प्रिंग चांगली की वाईट, असं काही नसते. शॉकअपसोबत जुळली पाहिजे.” अगदी खरं आहे. स्प्रिंग धक्का साठवते आणि शॉकअप तो संपवतो. स्प्रिंग कडक आणि शॉकअप जुना असला, तर गाडी उड्या मारते. शॉकअप फार कडक आणि स्प्रिंग मऊ असली, तर लागोपाठच्या खड्ड्यांत गाडी दबलेलीच राहते, तिला पुन्हा वर यायला वेळ मिळत नाही. शिवाय टायरची भिंत ही स्वतः पहिली स्प्रिंग. १८५/६० आर १५ टायरची भिंत १११ मिलिमीटर असते. हौसेनं २०५/४५ आर १७ घातला की ती ९२ वर येते. म्हणजे वरच्या स्प्रिंगला हात न लावताही गाडी कडक झाली. कुठलाही एक आकडा स्वतःच्या बळावर ‘आरामदायी’ नसतो. तो वजनावर, टायरवर, शॉकअपवर, रस्त्यावर टेकलेला असतो. आमच्या भागातली परंपरा ज्याला रामटेकजवळच्या टेकडीशी जोडते, त्या नागार्जुनानं सगळ्या वस्तूंबद्दल हेच सांगितलं. स्वतःच्या बळावर उभी असलेली एकही वस्तू नाही. सगळं एकमेकांवर टेकलेलं आहे, आणि ते ओळखणं हाच मधला मार्ग. गॅरेजच्या फरशीवर बसून नागार्जुन समजेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

पण गोष्टीतली वीणा वाजवणारा आणि ऐकणारा एकच होता. आमच्या गाडीत तसं नाही, आणि नेमकी इथं आई मधे आली.

मिस्त्रीनं ओळखीच्या दोन गाड्यांत बसून पाहायची सोय केली. एक २५ मिलिमीटर खाली आणलेली, जुळत्या शॉकअपसह. दुसरी कापलेल्या स्प्रिंगांची. मी एकच अट घातली की मुलानं चालवायचं नाही, मागं आजीशेजारी बसायचं. आम्ही उड्डाणपूल, सिमेंट रस्ता, वस्तीची गल्ली, असं सगळं फिरलो. कापलेल्या गाडीत गल्लीच्या दुसऱ्याच गतिरोधकावर आई ओरडली, “थांबव रे बाप्पा!” खाली उतरल्यावर नातवाला म्हणाली, “पुढं बसते त्याले रस्ता दिसते. मांगं बसते त्याले दणकाच समजते.”

या दोन वाक्यांत वाहनशास्त्राचा एक अख्खा धडा आहे. चालवणाऱ्याला खड्डा आधी दिसतो, तो हातपाय आवळतो, स्टिअरिंग धरून असतो, आणि बहुतेक गाड्यांत पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधल्या, कमी उसळणाऱ्या भागात बसलेला असतो. मागचा माणूस जवळजवळ मागच्या चाकांवर बसतो. त्याला धरायला काही नाही आणि काय येतंय त्याची कल्पना नाही. खड्डा आधी पुढच्या चाकांना लागतो, मग मागच्या. तेवढ्या अंतरानं गाडी नाकावर-शेपटीवर झुलू लागते. १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली या अभियंत्यानं यावर उपाय मांडला. मागची स्प्रिंग पुढच्यापेक्षा किंचित जलद झुलणारी ठेवावी, म्हणजे उशिरा निघालेला मागचा भाग पुढच्याला गाठतो आणि गाडी सपाट होत शांत होते. चांगल्या लोअरिंग स्प्रिंगा हे गणित सांभाळतात. चारही स्प्रिंगा अंदाजानं कापणारा ते मोडतो, आणि त्याचा दंड मागं बसणाऱ्याकडून वसूल होतो.

त्या दिवसापासून माझ्यापुरता मुद्दा स्वच्छ आहे. मध्यम मार्ग मागच्या सीटवरून मोजायचा. सुख ज्याला मिळतं, त्याच्या बाजूनं मोजलं तर आकडा नेहमी फसवतो, कारण सुखासाठी माणूस स्वतःचा कणासुद्धा सूट म्हणून देऊन टाकतो. ज्याला इच्छेत वाटा नाही, पण दणक्यात आहे, तिथं बसून जे सोसवेल, तोच खरा मध्य. इच्छा आणि तृष्णा यांतला फरकही मला तिथूनच दिसतो. इच्छा मागं बसून पाहायला तयार होते. तृष्णा म्हणते, आजीला ऑटोनं पाठवू.

मुलगा मागं बसला. आणि २५ मिलिमीटरवाल्या गाडीत आजीला वेगळं काही जाणवलं नाही, हेही त्यानं स्वतःच पाहिलं. आता गुरुजींना सांगायला माझ्याकडं काही होतं. मी विहारात हे सगळं मांडलं. गुरुजी वाचलेले आहेत. ते म्हणाले, “तू सोणाची गोष्ट अर्धी सांगितलीस. पुढचं वाच.”

पुढचं वाचलं. वीणेच्या उपदेशानंतर सोणाला अर्हत्पद मिळालं. तेव्हा बुद्धानं त्याला एकेरी तळाच्या वहाणा वापरायची मुभा दिली, कारण त्याचे पाय नाजूक होते. पायांना सस्पेन्शनच म्हणा. सोणानं ती घेतली नाही. आपण ऐंशी गाड्या सोनं आणि हत्तींचा ताफा सोडून आलो, आणि आता वहाणांत अडकलो, असं लोक म्हणतील. सगळ्या संघाला परवानगी मिळाली तरच मी घालीन, असं तो म्हणाला. बुद्धानं सगळ्यांना परवानगी दिली. त्याच खंधकात, म्हणजे विनयाच्या त्याच प्रकरणात, शेवटाकडं आणखी एक सोण येतो, सोण कुटिकण्ण. तो अवंती-दक्षिणापथातून आपल्या गुरूंचा, महाकच्चायनाचा, निरोप घेऊन आला होता. आमच्याकडची जमीन काळी, खरबरीत, गुरांच्या खुरांनी उखणलेली आहे, तेव्हा इथल्या भिक्षूंना अनेक पदरी तळाच्या वहाणा चालाव्यात, अशी ती विनंती होती. बुद्धानं मध्यदेशाबाहेरच्या सगळ्या प्रदेशांसाठी ती मान्य केली.

हे वाचून मी थक्क झालो. काळी जमीन! नागपूरच्या भोवती जी काळी कपाशीची माती आहे, ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता लाटा घेत बसतो. विनयातला नियम त्या मातीपुढं ताठ उभा राहिला नाही. राजगृहातला मध्य अवंतीत चालणार नाही, हे मान्य करून तळाला पदर वाढवून दिले. म्हणजे मध्यम मार्गाला दोन गोष्टी विचाराव्या लागतात. अंग कुणाचं आहे आणि जमीन कोणती आहे?

जमिनीचं गणित मी केलं. आपल्याकडच्या बऱ्याच सेडान गाड्यांचं पोट रिकाम्या गाडीत जमिनीपासून सुमारे १६५ मिलिमीटरवर असतं. २५ कमी केले की १४०. चार माणसं आणि पिशव्या यांनी गाडी आणखी २५-३० बसली, असं धरलं तर ११० उरतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शक सूचनांत गतिरोधक कसा असावा ते दिलं होतं: १७ मीटर त्रिज्येचा गोलसर उंचवटा, ३.७ मीटर रुंद, मधे १० सेंटिमीटर उंच, ताशी २५ किलोमीटर वेगासाठी. १० सेंटिमीटर ऐकलं की वाटतं, खाली केलेली गाडी घासणारच. पण हा उंचवटा इतका ऐसपैस असतो की चारही चाकं त्याच्यावरच चढतात. २.६ मीटर व्हीलबेसच्या गाडीचं पोट जिथं सगळ्यांत जवळ येतं, तिथं जेमतेम ५० मिलिमीटर जागा लागते. पुढच्या बंपरला चढताना साधारण ७०. म्हणजे नियमातला गतिरोधक माझ्या मुलाची गाडी सहज जाऊ देतो.

आमच्या गल्लीतला जाऊ देत नाही. तो कुणी सरकारी माणसानं घातलेला नाही. आम्हीच वर्गणी काढून, उरलेल्या काँक्रीटचा, उभ्या ढिगासारखा घातला. कारण पोरं रस्त्यावर खेळतात आणि मोटारसायकली सुसाट येतात. कारण योग्य होतं. पण त्या ढिगावर कंपनीच्या उंचीची गाडीही दणका खाते. गरोदर बाई स्कूटीवरून उतरून चालत पार करते. ई-रिक्षा तिरकी घेतात. अँब्युलन्स आत येते तेव्हा तिच्यातला माणूस मागंच असतो, आडवा.

कागदाची एक बाजू राहिली. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीत फेरफार करण्यावर मर्यादा घालतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही निर्मात्यानं ठरवलेल्या मूळ रचनेपासून गाडी दूर नेता येत नाही, अशी भूमिका घेतली. आरसी पुस्तकात उंचीचा रकाना नसतो, म्हणून कोण पाहतंय, असा सल्ला मुलाला मित्रांनी दिला. त्यातच मुलाला एक जुनी गोष्ट आठवली. मिलिंद राजाला भिक्षू नागसेनानं विचारलं होतं, रथ म्हणजे आस का, चाकं का, जू का? यांपैकी एकही रथ नाही, सगळं एकत्र आलं की त्याला रथ म्हणतात. याचा आधार घेऊन मुलगा मला म्हणाला, “मग स्प्रिंग बदलली तं काय बदललं?” मी म्हटलं, नागसेनानं राजाला मोकळं करायला ते सांगितलं, आरटीओला चुकवायला नाही. जोडणीला गाडी म्हणायचं, तर जोडणीची जबाबदारीही आली. ब्रेक, हेडलाइटचा कोन, चाकांचं अलाइनमेंट, विम्याची शर्त, सगळी एकमेकांवर टेकलेली आहेत. आधी आरटीओत आणि विमा कंपनीत लेखी विचारायचं, नाही म्हणाले तर नाही, असं ठरलं. मुलगा थांबला आहे. थांबताना त्याची चिडचिड होत नाही, ही माझ्या मते त्याच्या इच्छेच्या बाजूची सगळ्यांत मोठी साक्ष.

दरम्यान त्यानं दुसरंच काम काढलं. गल्लीतला ढिगारा फोडून त्या जागी मापाचा गतिरोधक मागायचा. महापालिकेला द्यायचा अर्ज त्यानं लिहिला, सोबत रेखाचित्र जोडलं, ३.७ मीटर आणि १० सेंटिमीटर, आणि घरोघरी सह्या घेतल्या. एका काकूंनी विचारलं, “तुझ्या गाडीसाठी का?” तो म्हणाला, “माझ्याही.” मला ते उत्तर आवडलं. आपली गरज लपवून परोपकाराचा आव आणला नाही, आणि आपल्यापुरती सवलतही मागितली नाही. सोण कोळिविसानं वहाणा हव्यात हे नाकारलं नव्हतं. त्या त्याला एकट्याला नको होत्या, एवढंच.

इथं मला गुरुजींशी थोडा मतभेद नोंदवायचा आहे. त्यांचं अजूनही म्हणणं आहे की इच्छा न उठणं श्रेष्ठ, आणि उठलेल्या इच्छेला वळण लावणं ही तडजोड. भिक्षूसाठी ते खरं असेल. आम्ही गृहस्थ आहोत. आई आठ वर्षांची असताना, १४ ऑक्टोबर १९५६ ला, उमरेडकडच्या गावातून थोडी बंडीनं, बाकी पायी दीक्षाभूमीवर आली. ती सांगते की त्या गर्दीत प्रत्येकाला काहीतरी हवं होतं. शिक्षण, नोकरी, नळाचं पाणी, नावापुढची इज्जत. त्या हवं असण्यावर पाणी ओतायला बाबासाहेब धम्माकडं गेले नाहीत. ते हवं असणं एकमेकांच्या आड येऊ नये, एकाच्या वर जाण्यानं दुसरा चिरडू नये, यासाठी गेले, असं मी मानतो. सगळ्यांच्या इच्छा विझवून होणारी शांतता सोपी असते, आणि ती बहुधा ज्यांचं आधीच भागलंय, त्यांना सुचते. अवघड काम असतं, इच्छा असलेल्या माणसांनी एकाच रस्त्यावरून एकमेकांना दणका न देता जाणं.

हल्ली मुलाचे मित्र मला विचारतात, “काका, रोजच्या वापराला गाडी किती मिमी खाली केलेली चालते?” मी मिलिमीटर सांगत नाही. आधी विचारतो, मागं कोण बसतं? मग, कोणत्या रस्त्यानं जाता? या दोन प्रश्नांची उत्तरं ते पटकन देतात, आणि त्यांतून स्प्रिंग, शॉकअप, टायर बरेचसे ठरून जातात. तिसऱ्या प्रश्नाला मात्र वेळ लागतो: त्या रस्त्यावरून जे तुमच्या गाडीत नाहीत, त्यांच्यासाठी तुम्ही काय मागितलं?